येशूचे नातलग, आपले शेजारी



पुढच्या रविवारी आपण झावळ्या हातात घेऊन होसान्नाच्या जयघोषात मंदिरात प्रवेश करू आणि पवित्र आठवड्याला सुरुवात होईल. त्या दिवशी आणि पुन्हा पवित्र शुक्रवारी आपण प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तान्त ऐकू. त्याआधी एक गोष्ट आपल्या सर्वांसमोर ठेवावीशी वाटते. गोष्ट आपल्याच अंगणात घडलेली आहे आणि ती थोडी बोचणारी आहे.

गेल्या वर्षी आपल्या तरुणांनी चर्चच्या आवारात क्रूसाच्या वाटेचे जिवंत दर्शन घडवले होते. मेहनत मोठी होती आणि पाहणाऱ्यांचे डोळे पाणावले होते. आपल्यापैकी एका कुटुंबाने त्या दिवशी आपल्या जुन्या स्नेही बाईंना पाहायला आणले होते. त्या निवृत्त शिक्षिका, राहणार ठाण्याच्या, धर्माने यहुदी. आपल्यात बसून त्यांनी सगळे शेवटपर्यंत पाहिले. आपण यहुदी पुढाऱ्यांची आणि जमावाची पात्रे काळे झगे, वाकडी लांब नाके आणि खुनशी हसणे देऊन उभी केली होती. कोणाच्या मनात काही वाईट नव्हते. वर्षानुवर्षे असेच चालत आले आहे.

कार्यक्रम संपल्यावर बाईंनी चहा घेतला, मुलांचे कौतुक केले. निघताना त्या घरच्या मुलीला हळूच म्हणाल्या, "बाळ, सगळं छान झालं. पण एक विचारू? येशूला मारणारे सगळे आमच्यातले दाखवलेत. येशू, त्याची आई आणि त्या रडणाऱ्या बायका मात्र तुमच्यातल्या. हे कसं काय?"

मुलीजवळ उत्तर नव्हते. तिने तो प्रश्न आपल्याकडे आणला, तेव्हा आपल्याजवळही नव्हते. आज तो प्रश्न घेऊनच आपण पवित्र आठवड्याच्या दाराशी उभे राहू या.

कोण आहेत हे लोक?

आपल्या कोकणपट्टीतल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांना 'बेने इस्राएल' म्हणतात, म्हणजे इस्राएलची लेकरे. त्यांच्या परंपरेनुसार शेकडो वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांनी आपल्या मृतांना तिथेच मूठमाती दिली आणि कोकणातल्या खेड्यांत संसार थाटले. तेल गाळणे हा त्यांचा धंदा झाला. पण शब्बाथ पाळायचा म्हणून शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. त्यामुळे गावाने त्यांना नाव दिले 'शनवार तेली'. ज्या गावात राहिले त्या गावाचे आडनाव त्यांनी घेतले: नवगावकर, पेणकर, दिवेकर, केहिमकर, चेऊलकर.

जवळ धर्मग्रंथ उरला नव्हता, शिकवायला गुरू नव्हता. तरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी चार गोष्टी सोडल्या नाहीत. शब्बाथ, आठव्या दिवशी मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि 'शमा इस्राएल' ही प्रार्थना. परमेश्वर एकच आहे आणि त्याच्यावर संपूर्ण मनाने प्रीती करावी, असे ती प्रार्थना सांगते. बंधुभगिनींनो, सर्वांत मोठी आज्ञा कोणती असे एका शास्त्र्याने विचारले तेव्हा येशूने आपल्या उत्तराची सुरुवात याच प्रार्थनेने केली होती (मार्क १२). नाझरेथच्या घरात मरियामातेच्या मांडीवर बसून जे शब्द बाळ येशू शिकला असेल, तेच शब्द आपल्या कोकणातल्या तेल्यांच्या घरांतून ऐकू येत होते.

पुढे शिकवणारे भेटले, मंदिरे उभी राहिली. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर या इंग्रजी फौजेतल्या अधिकाऱ्याने मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग बांधले. जवळच्या मशीद स्टेशनाचे नाव या सिनेगॉगवरूनच पडले असे सांगतात. लोकांना मशीद आणि सिनेगॉग यांतला फरक ठाऊक नव्हता, त्यांनी त्याला मशीदच म्हटले! अलिबाग, पनवेल, पेण, ठाणे, पुणे अशा ठिकाणीही त्यांची प्रार्थनास्थळे उभी राहिली.

या लोकांनी आपला धर्म मराठीत जगला. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण ही त्यांच्या सणांची जुनी नावे आहेत. वल्हांडणाच्या जेवणाच्या वेळी वाचायची पोथी १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापली गेली. तिच्या चित्रांत वल्हांडणाची बेखमीर भाकर करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत. लग्नकार्यात किंवा नवस फेडताना ते 'मलिदा' करतात. पोहे, खोबरे, गोड आणि फळे ताटात मांडून एलिया संदेष्ट्याचे स्मरण करतात आणि देवाचे आभार मानतात. तोच हा एलिया, जो रूपांतराच्या डोंगरावर मोशेसह येशूशी बोलताना दिसला.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वीस हजारांहून अधिक यहुदी होते. १९४८ नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले. इथे कोणी त्यांचा छळ केला म्हणून ते गेले नाहीत, हे ते स्वतः अभिमानाने सांगतात. २०११ च्या जनगणनेत साऱ्या देशात ते पाच हजारही भरले नाहीत. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. आपण स्वतःला लहान समाज म्हणतो. पण आपल्या एका मोठ्या धर्मग्रामात जेवढी माणसे असतात, तेवढीही त्यांची संख्या आज सबंध महाराष्ट्रात सहज भरेल असे नाही.

त्यांच्याविषयीचे गैरसमज

जो समाज इतका लहान, त्याच्याविषयी लोक माहितीपेक्षा ऐकीव गोष्टींवरच बोलतात. त्यातले काही गैरसमज आपल्याही तोंडी असतात.

पहिला गैरसमज: हे ख्रिस्ती की मुसलमान? डेव्हिड, सॅम्युएल, मोझेस ही नावे ऐकली की आपण त्यांना ख्रिस्ती धरून 'नाताळ कसा झाला?' विचारतो. सुंता आणि हलालसारखे नियम पाहिले की दुसरे कोणी त्यांना मुसलमान समजते. 'बूट पॉलिश' या १९५४ च्या चित्रपटातले प्रेमळ जॉन चाचा आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असतील. ती भूमिका करणारे डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, बेने इस्राएल. कवी निस्सीम एझिकिएल हेही याच समाजाचे. किती जणांना हे ठाऊक होते?

दुसरा गैरसमज: यहुदी म्हणजे श्रीमंत आणि पैशाचे लोभी. डेव्हिड ससूनसारखे धनिक व्यापारी मुंबईत होऊन गेले, ते बगदादहून आलेल्या वेगळ्या यहुदी समाजाचे होते. कोकणातला बेने इस्राएल घाण्यावर राबला. पुढे तो पलटणीत शिपाई झाला, सुतार झाला, रेल्वेत आणि कचेरीत कारकून झाला. त्यांच्या बायका शाळांत शिक्षिका आणि इस्पितळांत परिचारिका झाल्या. मध्यमवर्गीय मराठी माणसासारखाच महिन्याच्या पगारावर त्यांचा संसार चालला. पैशाचा लोभ हा कोणत्याही एका जातीचा मक्ता नाही. आपापल्या घरात डोकावले तरी तो सापडेल.

तिसरा गैरसमज: ते इथले नव्हेत. या समाजाने ही व्यथा दोन्हीकडे भोगली आहे. इथे त्यांना लोक परके समजले. आणि इस्राएलला गेलेल्यांना तिथे विचारले गेले, की तुम्ही अस्सल यहुदी कशावरून? त्यांच्याशी विवाह लावताना काही धर्मगुरूंनी अडथळे आणले. त्यांनी तिथे निदर्शने केली, धरणे धरले, तेव्हा कुठे १९६४ साली ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचे तिथल्या सरकारने आणि संसदेने स्पष्ट केले. तरीही ते मराठी विसरले नाहीत. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी इस्राएलमधून काढले.

आज याच गैरसमजाला नवी धार आली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्राएलवर झालेल्या हल्ल्यापासून आणि त्यानंतरच्या गाझातील युद्धापासून इथल्या यहुद्यांकडे लोक त्या युद्धाचा जाब मागतात. मरणाऱ्या प्रत्येक निष्पाप जिवासाठी आपण रडले पाहिजे, मग तो कोणत्याही बाजूचा असो. शांतीसाठी आपण प्रार्थना केलीच पाहिजे. पण दूरच्या देशातल्या सरकारने काय केले याचे उत्तर अलिबागच्या म्हाताऱ्या आजोबांनी का द्यावे?

चौथा गैरसमज आपल्या मंदिरातलाच आहे. कोणी ढोंगी वागला की आपण त्याला 'परूशी' म्हणतो. ढोंगाविषयी येशू परूश्यांशी कठोर बोलला हे खरे. पण रात्री येशूकडे आलेला आणि त्याच्या दफनाला सुगंधी द्रव्ये घेऊन आलेला निकदेम परूशीच होता. प्रेषितांची बाजू घेऊन न्यायसभेत बोलणारा गमलिएल परूशी होता. संत पौल तर स्वतः परूशी असल्याचे सांगत असे.

सर्वांत जुना आणि सर्वांत घातक गैरसमज पाचवा: 'येशूला यहुद्यांनी मारले.' धर्मशिक्षणाच्या वर्गात हा प्रश्न विचारून पाहा, मुले एका सुरात हेच उत्तर देतात. पण येशूच्या मृत्युदंडावर शिक्कामोर्तब केले ते पिलाताने, आणि पिलात रोमी सुभेदार होता. क्रूस ही रोमी शिक्षा होती. खिळे ठोकणारे शिपाई रोमी सत्तेचे होते. यरुशलेमच्या काही धर्मपुढाऱ्यांनी येशूला पिलाताच्या हवाली केले, हेही शुभवर्तमान सांगते. पण काही पुढारी म्हणजे सारा समाज नव्हे, आणि त्या दिवशीचा जमाव म्हणजे दोन हजार वर्षांनंतरच्या ठाण्याच्या शिक्षिकाबाई नव्हेत. योहानाच्या शुभवर्तमानात 'यहुदी' हा शब्द पुन्हापुन्हा येतो, तेव्हा पुष्कळ ठिकाणी त्याचा रोख येशूला विरोध करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे असतो. लिहिणारा स्वतः यहुदी होता.

मग येशू कोणामुळे मेला? ट्रेंटच्या परिषदेनंतर १५६६ साली निघालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथानेच याचे उत्तर दिले आहे. येशूच्या मरणाला आपण सर्व पापी माणसे कारण आहोत. आणि त्याला प्रभू म्हणून ओळखूनही जे पाप करतात, त्या ख्रिस्ती माणसांचा दोष त्यात अधिक मोठा आहे. म्हणजे क्रूसाच्या वाटेवरचा तो जमाव आपणच आहोत. आपण ते काळे झगे दुसऱ्याच्या अंगावर चढवून स्वतः मोकळे झालो.

आपले स्वतःचे दुखणे

बंधुभगिनींनो, गैरसमजाचा काटा कसा सलतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. 'तुम्ही ख्रिस्ती? मग मराठी इतकं चांगलं कसं बोलता?' हे वाक्य आपल्यापैकी कोणी ऐकले नाही? 'तुम्ही मूळचे पोर्तुगालचे का?' 'तुमच्या घरी इंग्रजीच बोलत असतील ना?' 'तुमच्यात रोज दारू चालते म्हणे.' 'तुमच्या पूर्वजांनी विहिरीतला पाव खाल्ला म्हणून बाटले.' आपण हसून सोडून देतो, पण घरी आल्यावर मन खट्टू होते. २००३ साली इराकवर हल्ला झाला तेव्हा आपल्यातल्या कित्येकांना गाडीत, कारखान्यात ऐकावे लागले, 'तुमचा बुश काय करतोय बघा.' जणू त्याला आपणच निवडून दिले होते!

तेव्हा आपल्याला वाटते, या लोकांनी एकदा आपल्या घरी यावे, आपली भाकरी खावी, आपली गाणी ऐकावीत, मग बोलावे. अगदी तेच त्या बाईंना आपल्याविषयी वाटत असेल. आपल्याला जे टोचते ते आपण आपल्याहून लहान समाजाला टोचावे, यासारखे दुःख नाही. लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसेच आपण त्यांच्याशी वागावे, हा येशूचा नियम आहे. इस्राएल लोकांनाही परमेश्वराने मोशेद्वारे हेच बजावले होते: परक्याला छळू नका, कारण मिसर देशात तुम्हीही परके होता, परक्याचे मन तुम्ही जाणता (निर्गम २३).

ख्रिस्तसभेची कबुली

हा केवळ बोलण्याचा दोष असता तर एवढे लिहिण्याची गरज नव्हती. शतकानुशतके या एका आरोपाच्या नावाखाली यहुद्यांना मारले, लुटले, हाकलले गेले. ते दुखणे आपल्या किनाऱ्यावरही येऊन पोहोचले होते. गार्सिया द ओर्टा हे पोर्तुगीज वैद्य सोळाव्या शतकात गोव्यात राहत. मुंबई बेट त्यांच्याकडे खंडाने होते. आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. घराणे यहुदी वंशाचे, बाप्तिस्मा घेतलेले. १५६८ साली ते वारले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यातील इन्क्विझिशनने जाळले. १५८० साली खुद्द गार्सिया यांची हाडे उकरून जाळण्यात आली. हे येशूच्या नावाने झाले. आणि विसाव्या शतकात युरोपात हिटलरच्या राजवटीने साठ लाख यहुद्यांना ठार केले. ती राजवट ख्रिस्ताची नव्हती. पण द्वेषाचे ते बी जिथे रुजले, ती जमीन आपल्याच प्रवचनांनी भुसभुशीत करून ठेवली होती, हे नाकारता येत नाही.

ख्रिस्तसभेने ते नाकारले नाही. पोप तेविसावे योहान यांनी १९५९ साली पवित्र शुक्रवारच्या प्रार्थनेतून यहुद्यांचा अपमान करणारा शब्द काढून टाकला. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'नोस्त्रा एताते' या दस्तऐवजात जाहीर केले, की येशूच्या मरणाचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर सरसकट लादता येणार नाही. पोप दुसरे जॉन पॉल १३ एप्रिल १९८६ रोजी रोमच्या सिनेगॉगमध्ये गेले आणि यहुद्यांना त्यांनी आपले वडील बंधू मानले. मार्च २००० मध्ये यरुशलेमच्या पश्चिम भिंतीच्या दगडांत त्यांनी क्षमायाचनेची चिठ्ठी ठेवली. थकलेल्या, थरथरणाऱ्या हातांनी चिठ्ठी ठेवणारे ते वृद्ध पोप आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिले असतील. चूक कबूल केल्याने ख्रिस्तसभा लहान झाली नाही.

संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात जैतुनाच्या झाडाचे उदाहरण दिले आहे. मूळ झाड इस्राएल, आणि आपण त्यावर कलम केलेल्या रानटी फांद्या. फांदीने मुळापुढे तोरा मिरवू नये, कारण फांदी मुळाला पोसत नाही, मूळ फांदीला पोसते. आपल्यापैकी ज्यांच्या वाडीत कलमी आंबा आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आपले आमेन, आपला आलेलुया, आपला होसान्ना हे सगळे शब्द त्या मुळातूनच आले. मिस्सेत आपण गातो ती स्तोत्रे त्यांचीच. पवित्र गुरुवारी आपण ज्या भोजनाचे स्मरण करतो, ते येशूने वल्हांडण सणात आपल्या यहुदी मित्रांसोबत घेतले होते.

या पवित्र आठवड्यात

मग आपण काय करावे? फार मोठे काही नको. यंदाच्या क्रूसाच्या वाटेत वाकडी नाके आणि काळे झगे नकोत. येशू, मरिया, पेत्र, वेरोनिका, जमाव, सर्वांचा पोशाख एकाच देशाचा, एकाच लोकांचा असू द्या. धर्मशिक्षण देणाऱ्या ताई-दादांनी 'येशूला कोणी मारले?' या प्रश्नाचे खरे उत्तर मुलांना शिकवावे. दुःखसहनाचा वृत्तान्त वाचताना जमावाचे शब्द आपण सर्व मिळून म्हणतो. ते म्हणताना दुसऱ्या कोणाकडे बोट न करता आपले पाप आठवावे. पवित्र शुक्रवारच्या दहा प्रार्थनांपैकी सहावी यहुदी लोकांसाठी आहे. ती यंदा नुसती उरकू नये, मनापासून करावी.

आणि जमेल त्याने ओळख करून घ्यावी. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवरच्या हल्ल्यात नरिमन हाऊसमधल्या यहुदी धर्मगुरूंचा आणि त्यांच्या पत्नीचा बळी गेला. त्यांच्या लहानग्याला सांभाळणाऱ्या भारतीय बाईंनी जिवाची पर्वा न करता त्याला उचलून बाहेर आणले. मूल कोणत्या धर्माचे, हे त्या क्षणी तिच्या मनात आले नाही. शेजारधर्म याहून वेगळा काय असतो?

त्या शिक्षिकाबाईंना आपण यंदा पुन्हा बोलावले आहे. त्या येतील की नाही हे अजून कळले नाही. पण त्या आल्या, तर त्यांना आपल्या येशूमध्ये त्यांच्या घरचा माणूस दिसला पाहिजे. आणि त्या नाही आल्या तरीही तो तसाच दिसला पाहिजे.

आपण प्रार्थना करू या:

अब्राहाम, इसहाक आणि याकोबाच्या देवा, तुझ्या पुत्राला तू यहुदी मातेच्या कुशीत जन्म दिलास. त्याच्या रक्ताच्या नातलगांना आम्ही त्याच्याच नावाने दुखावले, त्याची आम्हांला क्षमा कर. आमच्यात राहणाऱ्या या लहान समाजाला सुखरूप ठेव. आम्हांला गैरसमजाचे घाव सोसावे लागतात तेव्हा धीर दे, आणि आमच्या हातून दुसऱ्याला ते घाव होऊ देऊ नकोस. पवित्र भूमीतील सर्व लेकरांना शांती दे. हे मागणे आम्ही प्रभू येशू ख्रिस्ताच्या द्वारे करतो. आमेन.